बटलरचा आराखडा, कांदिवलीची जीप

प्रस्तावना

पिट्सबर्ग शहरातल्या हाइन्झ हिस्टरी सेंटर या संग्रहालयात एक लहानशी उघडी मोटार मांडलेली आहे. रंग लष्करी हिरवा, चॅसी क्रमांक १००७. १९४० साली अमेरिकन सैन्यासाठी ज्या पहिल्या सत्तर गाड्या बनल्या, त्यांतली ही सातवी. स्मिथसोनियन संस्थेने ती १९४४ मध्येच, महायुद्ध संपायच्या आत, जतनासाठी ताब्यात घेतली. जाणकार मंडळी तिला प्रेमाने ‘ग्रॅम्प्स’ म्हणतात, म्हणजे आजोबा. तिच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्या चाचण्यांत झिजल्या किंवा मोडीत निघाल्या. सर्वांत पहिला नमुना तर उरलाच नाही. सत्तरांपैकी आज हयात असलेल्या गाड्या बोटांवर मोजाव्या लागतात.

ही गाडी बनवली अमेरिकन बॅन्टम कार कंपनीने. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या बटलर या छोट्या गावात तिचा कारखाना होता. मोटारी बनवणारी कंपनी म्हणून तिला जेमतेम पाच-सहा वर्षांचं आयुष्य लाभलं. आज जगातल्या कोणत्याही रस्त्यावर तिचं नाव दिसत नाही. जीप मात्र दिसते.

मेट्रोच्या ७ क्रमांकाच्या मार्गावर दिंडोशीहून दहिसरच्या दिशेने निघालं की आधी कुरार लागतं, मग आकुर्ली. आकुर्ली रस्त्यावरच महिंद्राचा कांदिवलीचा कारखाना आहे. दिंडोशी, कुरार, मालाड, कांदिवली या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत एका पिढीने तरी या कारखान्याची शिफ्ट केली आहे. या कारखान्यातून दीर्घकाळ ज्या जीप बाहेर पडल्या, त्यांचं मूळ बटलरच्या त्या बुडालेल्या कंपनीत आहे. हे नातं मराठी वाचकांपुढे सविस्तर आणि पुराव्यानिशी मांडावं, यासाठी या पुस्तकाचा खटाटोप.

बॅन्टमची कहाणी तिच्या जन्माआधीपासून सुरू होते. इंग्लंडमध्ये हर्बर्ट ऑस्टिन यांची ‘ऑस्टिन सेव्हन’ ही छोटी मोटार मध्यमवर्गात लोकप्रिय झाली होती. तीच अमेरिकेत बनवून विकायची म्हणून १९२९ साली बटलरमध्ये अमेरिकन ऑस्टिन कंपनी उभी राहिली. वेळ अगदी वाईट निवडली गेली. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. शिवाय अमेरिकेतले रस्ते लांबलचक, पेट्रोल स्वस्त आणि थोड्या जास्त पैशात ऐसपैस फोर्ड मिळायची. चिमुकल्या ऑस्टिनकडे लोक कौतुकाने बघत आणि पुढे जात. १९३४ मध्ये उत्पादन थांबलं, कंपनीचं दिवाळं निघालं. मोटारींचे यशस्वी विक्रेते रॉय इव्हान्स यांनी ती विकत घेतली आणि तिला ‘अमेरिकन बॅन्टम’ असं नवं नाव दिलं. गाडीचं रूप पालटलं, इंजिन सुधारलं, पण गिऱ्हाईक काही वळलं नाही. १९४० उजाडलं तेव्हा कारखान्यात मोजकीच माणसं उरली होती आणि तिजोरी रिकामी होती.

अशा कंपनीला जगण्याची एकच वाट दिसत होती, ती म्हणजे सैन्य. आपल्या हलक्या गाड्या लष्कराच्या उपयोगाच्या आहेत, हे बॅन्टमची माणसं वॉशिंग्टनमध्ये परोपरीने सांगत होती. युरोपात जर्मन सैन्याने १९४०च्या उन्हाळ्यात फ्रान्स घेतला आणि अमेरिकेचे डोळे उघडले. टेहळणीसाठी सैन्याकडे घोडे होते आणि साइडकार लावलेल्या मोटारसायकली होत्या. त्या दोन्हींची जागा घेईल असं वाहन हवं होतं. जूनमध्ये लष्कराची समिती बटलरला येऊन कारखाना पाहून गेली. जुलैमध्ये १३५ कंपन्यांना निविदा धाडल्या गेल्या.

निविदेतल्या अटी वाचल्या की इतक्या मोठाल्या कंपन्या गप्प का बसल्या ते कळतं. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळाली पाहिजे. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे ८० इंच, म्हणजे दोन मीटरच्या आसपास. ६०० पौंड भार वाहायची क्षमता. आणि गाडीचं स्वतःचं वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे ५९० किलोंच्या आत. ही शेवटची अट तर अशक्यच होती. हे सगळं जमवून पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करायचा होता. १३५ पैकी फक्त दोन कंपन्या पुढे आल्या, बॅन्टम आणि टोलेडोची विलिस-ओव्हरलँड. विलिसने ७५ दिवस मागितले. ४९ दिवसांचा शब्द एकट्या बॅन्टमने दिला.

शब्द दिला, पण आराखडा काढणारा अभियंताच कंपनीकडे नव्हता. डेट्रॉइटमध्ये स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कार्ल प्रॉब्स्ट यांना गळ घालण्यात आली. पगाराची हमी देणं कंपनीला शक्य नव्हतं. कंत्राट मिळालं तर पैसे, नाहीतर नाही. देशावर युद्ध येऊ घातलंय, हे काम झालंच पाहिजे, असं वरून सांगणं आलं आणि प्रॉब्स्ट तयार झाले. १७ जुलैला ते आपल्या गाडीने बटलरला निघाले. दोन दिवसांत त्यांनी आराखडा कागदावर उतरवला, त्यानंतर किंमती आणि वजनांचा हिशेब केला आणि २२ जुलैला निविदा बॉल्टिमोरजवळच्या कॅम्प होलाबर्ड या लष्करी तळावर पोचली.

यानंतरचे दिवस या पुस्तकाचा गाभा आहेत आणि त्यांच्यावर लेखणी रेंगाळली आहे ती मुद्दाम. बॅन्टमकडे नवे सुटे भाग घडवायला वेळ नव्हता, साचे नव्हते, पैसाही नव्हता. म्हणून प्रॉब्स्ट आणि कारखान्याचे हॅरल्ड क्रिस्ट यांनी बाजारात तयार काय मिळतं याचा शोध घेतला. इंजिन कॉन्टिनेंटल कंपनीचं आणलं. गिअरबॉक्स वॉर्नरचा. दोन्ही ॲक्सल आणि ट्रान्सफर केस स्पायसर कंपनीकडून, आणि ॲक्सलही स्टुडबेकरच्या एका चालू मोटारीच्या ॲक्सलवरून बेतलेले. बॉडीला गोलाई देणारे मोठे प्रेस नव्हते, त्यामुळे पत्रा सरळ कापून, वाकवून, हाताने ठोकून अंगावर चढवला. त्या गाडीत संपूर्ण नवीन असं फार थोडं होतं. या सगळ्या वस्तू एकमेकींशी कशा जुळवायच्या, कोणती कुठे बसवायची, वजन कुठे वाचवायचं, ही बुद्धी मात्र नवी होती.

२३ सप्टेंबर १९४० हा ठरलेला दिवस. संध्याकाळी पाचच्या आत गाडी होलाबर्डला पोचायला हवी होती. ती ट्रकवर लादून नेण्याऐवजी प्रॉब्स्ट आणि क्रिस्ट स्वतः चालवत निघाले. नव्या इंजिनाला सवय व्हावी म्हणून सुरुवातीला हळू, मग घड्याळाकडे बघत वेग वाढवत. साडेचारच्या सुमारास गाडी तळाच्या दारात उभी राहिली, मुदत संपायला अर्धा तास उरला असताना. त्यानंतर लष्कराने तिला खड्ड्यांतून, चिखलातून, वाळूतून हजारो मैल पिदडलं. काही भाग तुटले, ते सुधारले गेले. वजन अटीपेक्षा कितीतरी जास्त भरलं होतं, पण काम बघितल्यावर लष्कराने ती अटच बदलली. आणखी ६९ गाड्या मागवल्या गेल्या. त्यांतल्या आठ गाड्यांची चारही चाकं वळायची. १००७ क्रमांकाची आपली गाडी या तुकडीतलीच.

इथवरची गोष्ट छोट्या माणसाच्या विजयाची आहे. पुढची तशी नाही.

होलाबर्डला बॅन्टमची गाडी धावत होती तेव्हा विलिस आणि फोर्ड या दोन्ही कंपन्यांचे अभियंते ती बघत होते, मापं घेत होते. बॅन्टमचे नकाशे ही आपली मालमत्ता आहे, अशी लष्कराची भूमिका होती आणि ते नकाशे त्यांनी या दोन कंपन्यांना पाहू दिले. नोव्हेंबरमध्ये विलिसची ‘क्वॉड’ आणि फोर्डची ‘पिग्मी’ अवतरली. दोन्हींचा तोंडवळा बॅन्टमचाच. तिघांनाही प्रत्येकी १,५०० गाड्यांची ऑर्डर मिळाली. पण बॅन्टम इतक्या मोठ्या संख्येने गाड्या पुरवू शकेल यावर लष्कराचा भरवसा नव्हता. जुलै १९४१ मध्ये १६,००० गाड्यांचं कंत्राट विलिसला मिळालं. विलिसची किंमत कमी होती, आणि तिचे अभियंते बार्नी रूस यांनी घडवलेलं ६० अश्वशक्तीचं इंजिन बॅन्टमच्या इंजिनापेक्षा दणकट होतं, हेही खरं. पुढे विलिसच्याच नमुन्याबरहुकूम फोर्डनेही गाड्या बनवल्या. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या. बॅन्टमच्या वाट्याला सगळ्या मिळून आल्या सुमारे २,७००, आणि त्याही बहुतांश ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाला रवाना झाल्या. ज्या कारखान्याने जीप दिली, त्याने उरलेलं युद्ध जीपच्या मागे जोडायच्या ट्रेलरगाड्या बनवण्यात काढलं. १९५६ मध्ये कंपनी एका पोलाद कंपनीत विलीन होऊन संपली.

जीपची कल्पना आमची, असं विलिस जाहिरातींतून सांगत राहिली. त्यावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे प्रकरण चाललं आणि १९४८ मध्ये निर्णय आला: जीप विलिसने निर्माण केलेली नाही, ती बॅन्टमने लष्कराच्या साहाय्याने घडवली. सत्य कागदावर नोंदलं गेलं. पण १९५० मध्ये जीप या नावाचा ट्रेडमार्क विलिसलाच मिळाला.

या पुस्तकाचं म्हणणं इथे सुरू होतं. बॅन्टमवर अन्याय झाला हे सांगून थांबता येईल, आणि बहुतेक लेखन तिथेच थांबतं. पण अन्याय शक्य का झाला, हे पाहायला हवं. बाजारात मिळणाऱ्या भागांतून गाडी जुळवल्यामुळे ती ४९ दिवसांत उभी राहिली. तेच भाग त्याच पुरवठादारांकडून विलिसला आणि फोर्डलाही मिळत होते. गुपित असं काही नव्हतंच. सरळ पत्र्याची बॉडी बटलरच्या गरिबीने ठरवली, आणि सरळ पत्रा कुणालाही कापता येतो. ज्या गुणाने गाडी जन्माला आली, त्याच गुणाने ती बॅन्टमच्या हातून गेली. आणि त्याच गुणाने ती मुंबईला आली.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि त्यांचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. विलिसशी करार करून सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने मुंबई बंदरात उतरवायच्या आणि माझगावला गाड्या जोडायच्या, असा बेत ठरला. पहिल्या खेपेला ७५ जीपचे भाग आले, आणि ३ जून १९४९ रोजी भारतात जोडलेली पहिली जीप माझगावातून बाहेर पडली.

नव्या देशाला जीपची केवढी निकड होती, याची एक कडू आठवण त्याच सुमाराची आहे. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ मध्ये परदेशातून जुन्या, दुरुस्त केलेल्या जीप मागवण्यात आल्या. ज्या दीडशेच्या घरात आल्या, त्या वापरण्याच्या लायकीच्या निघाल्या नाहीत, आणि ‘जीप घोटाळा’ म्हणून ते प्रकरण संसदेत गाजलं. जीप आपल्याच देशात बनली पाहिजे, या आग्रहामागे अशी कारणं होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून महिंद्राने विलिसच्या सहकार्याने एकेक भाग इथेच बनवायला घेतला.

माझगावहून काम उपनगरात, कांदिवलीला आलं. पश्चिम उपनगरांचा हा पट्टा तेव्हा मोटारधंद्याला मानवला होता. शेजारच्या गोरेगावात १९५० च्या दशकाच्या अखेरीस बजाज टेम्पोने हॅम्बुर्गच्या विडाल अँड सोन कंपनीच्या ‘हॅन्सियाट’ या तीनचाकी मालवाहू गाड्या बनवायला सुरुवात केली आणि नंतर ती कंपनी पुण्याजवळ आकुर्डीला गेली. जर्मनीतली विडाल पुढे दुसऱ्या कंपनीत विरून गेली, तरी तिची तीनचाकी भारतात कितीतरी वर्षं धावत होती. मूळ घरी विझलेल्या गाड्यांना मुंबईच्या उपनगरांनी थारा दिल्याची दोन उदाहरणं एकमेकांपासून चार-पाच मैलांवर सापडतात. हा निव्वळ योगायोग नाही. जिथे नवीन साचे परवडत नव्हते, पण लेथवर बसलेल्या माणसाच्या हातात कसब होतं, तिथे साध्या रचनेची यंत्रं तगली.

वाचकाला एक विनंती आहे. कुठे जुनी महिंद्रा सीजे-३बी उभी दिसली तर तिच्या मागे उकिडवं बसून खाली पाहावं. मागच्या ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा फुगीर गोळा गाडीच्या मध्यभागी नसून एका अंगाला सरकलेला दिसेल. पुढच्या ॲक्सलचंही तसंच. गिअरबॉक्सच्या पाठीला जी ट्रान्सफर केस असते, ती इंजिनाची ताकद बाजूला घेते आणि तिथून दोन शाफ्ट निघतात, एक मागे आणि एक पुढे. पुढचा शाफ्ट इंजिनाच्या पोटाखालून न जाता त्याच्या कुशीतून जातो. म्हणून इंजिन उंच चढवावं लागत नाही आणि गाडी बुटकी राहते. १९४० साली टेहळणीच्या गाडीने शत्रूच्या नजरेत भरू नये म्हणून जी रचना झाली, तीच ही. मग टेप लावून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत मोजावं. ८० इंच भरतील. अमेरिकन लष्कराच्या निविदेतला तो आकडा आपल्या गावातल्या गाडीच्या हाडात अजून आहे.

सीजे-३बीचं बोनेट मात्र युद्धातल्या जीपपेक्षा उंच आहे, कारण विलिसने १९५३ मध्ये तिच्यात नवं, जास्त उंचीचं ‘हरिकेन’ इंजिन घातलं. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झालं. विलिस हे नाव त्याआधीच मालकी बदलून लयाला गेलं होतं. इथे मात्र महिंद्राने याच गाडीच्या पोटात आधी आपल्या ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं, नंतर प्यूजोचं. लांबी वाढवून ‘सीजे ५००’ आणि ‘एमएम ५४०’ काढल्या. इंजिन बदललं, लांबी बदलली, तरी सांगाडा ओळखू येत राहिला.

आणि महाराष्ट्रात जीप कुठे कुठे गेली! बीडीओच्या दिमतीला ती होती, धरणाच्या सर्व्हेला होती, देवी निर्मूलनाच्या पथकाकडे होती. निवडणुकीत तिच्या टपावर कर्णा बांधला जायचा. साताऱ्या-सांगलीकडे वडापच्या धंद्यात कमांडर जीप आली आणि जिथे एसटीची फेरी दिवसातून एकदा यायची तिथे माणसं बाजाराला, दवाखान्याला, कॉलेजला वेळेवर पोचू लागली. क्षमतेपेक्षा जास्त माणसं कोंबून ती धावली आणि त्यातून अपघातही झाले, हे या पुस्तकात झाकलेलं नाही. पण घाटात पाटा तुटला तर गावच्या लोहाराकडे नवं पान ठोकून घेता येतं, वेल्डिंगवाला चॅसी जोडून देतो, पेट्रोल जीपचा कार्बोरेटर झाडाखाली उघडून साफ करता येतो, म्हणूनच ही गाडी तिथे टिकली. बटलरच्या कारखान्यात पैसे नव्हते म्हणून जो साधेपणा आला, तो आपल्या गावात पैसे नव्हते म्हणून उपयोगी पडला. दोन दूरच्या गरिबींनी एकमेकींना ओळखलं, असं मला हा इतिहास वाचताना सतत वाटत आलं आहे.

२०१८ मध्ये महिंद्राने याच वंशातली ‘रॉक्सॉर’ नावाची, शेतात आणि रानात चालवायची गाडी अमेरिकेत मिशिगन राज्यात बनवायला घेतली. जीपची मालकी तेव्हा फियाट क्रायस्लरकडे होती. त्यांनी आपल्या जीपच्या रूपाची नक्कल झाल्याची तक्रार केली आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ती मान्य केली. महिंद्राला गाडीचं रूप बदलावं लागलं, मगच ती पुन्हा विकता आली. सरळ पत्र्याचं ते रूप मुळात कुणाच्या हातून घडलं, याचा दावा करायला त्या वादात बॅन्टमचं कुणीही नव्हतं.

पहिल्या भागात बटलर आणि होलाबर्डची हकिगत आहे. दुसरा भाग माझगाव आणि कांदिवलीचा. तिसरा भाग रस्त्यांवरचा, म्हणजे चालक, मेस्त्री, वडापवाले, सर्वेअर आणि ग्रामसेवक यांच्या जीपचा. यंत्राची ओढ असलेल्यांनी पहिल्यापासून वाचावं. ज्यांना माणसांची ओढ आहे त्यांनी तिसऱ्यापासून सुरुवात केली तरी चालेल. ते आपोआप पहिल्याकडे येतील.

हे सगळं वाचून झाल्यावर एका मराठी नावाची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. औपचारिक अभियांत्रिकी शिक्षण नसलेल्या या माणसाने १९४० च्या दशकापासून १९७० च्या दशकापर्यंत सामान्य कुटुंबाला परवडेल अशा ‘मीरा’ मोटारीचे एकामागून एक नमुने स्वतः बनवले, रस्त्यावर चालवून दाखवले. कारखाना काही उभा राहिला नाही. बॅन्टमचा आराखडा निदान दुसऱ्यांच्या हातून जगभर गेला, मीराच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. बटलरच्या कंपनीचं श्रेय आज आपल्याला ठाऊक आहे ते एका सरकारी आयोगाने चौकशी करून निर्णय लिहून ठेवला म्हणून, आणि एका संग्रहालयाने युद्धाच्या धामधुमीतही एक जुनी गाडी बाजूला काढून ठेवली म्हणून. श्रेय आपोआप टिकत नाही. ते कुणीतरी लिहावं लागतं, वस्तू कुणीतरी सांभाळावी लागते.

कांदिवलीच्या लेथवर, माझगावच्या शेडमध्ये, इचलकरंजीच्या वर्कशॉपमध्ये ज्यांनी गाड्या घडवल्या त्यांच्यातले अनेक जण आता हयात नाहीत, आणि जे आहेत ते वयाने थकले आहेत. त्यांच्याकडचे नकाशे, हजेरीपुस्तकं, फोटो आणि आठवणी गोळा करायला आता फार वेळ उरलेला नाही. आपल्या घरात, सोसायटीत, गावात असं कुणी असेल तर त्यांच्याशी बोला, त्यांचं सांगणं लिहून घ्या, त्यांच्या कपाटातले कागद रद्दीत जाऊ देऊ नका. एवढं काम या पुस्तकाच्या काही वाचकांनी जरी हाती घेतलं, तरी हे पुस्तक लिहिण्याचं सार्थक झालं असं मी मानेन.

दिंडोशी, मुंबई